निकाल वाचकाच्या हाती : मराठी कथेतल्या बऱ्यावाईटाची पार्श्वभूमी

तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या केसोबासांनी पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे ११४ दृष्टांत एकत्र केले. त्या ‘दृष्टांतपाठा’ची मांडणी मोठी विचार करण्याजोगी आहे. आधी सूत्र, मग दृष्टांत म्हणजे गोष्ट, आणि शेवटी दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीचा अर्थ. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक मात्र केसोबासांनी जोडलेले. हत्तीला चाचपणारे आंधळे त्यात आहेत. कोणी पाय धरतो, कोणी कान, कोणी शेपूट. गोष्ट चार-सहा ओळींत संपते, पण तिथे थांबून चालत नाही. ऐकणाऱ्याने भलताच अर्थ घेऊ नये म्हणून शिष्य पुढे येऊन तो सांगतो.

मराठी कथेत चांगले काय, वाईट काय आणि माणसाच्या पोटात काय दडले आहे, हे कसे येत गेले त्याचा माग काढायचा तर मला हे दार्ष्टांतिकच धरून चालावेसे वाटते. अर्थ सांगायला कोणीतरी उभे असणे आणि पुढे ते उभे नसणे, या दोन टोकांमध्ये आपल्या कथेचा सगळा प्रवास आहे.

लोकांच्या तोंडची कहाणी या बाबतीत ग्रंथांपेक्षा हुशार होती. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजा मोठा शिवभक्त. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा असे त्याच्या मनात येते आणि तो दवंडी पिटवतो की गावातले सगळे दूध देवळात आणावे. धाकाने लोक घरात थेंब ठेवत नाहीत. वासरे उपाशी, मुले उपाशी, आणि गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी मात्र घरचे कामकाज आटोपते, मुलाबाळांना, सुनांना दूध देते, वासरांना पाजते, गाईंना चारा घालते आणि उरलेले खुलभर दूध घेऊन येते. तेवढ्याने गाभारा भरतो. या कहाणीत दुष्ट कोण? राक्षस नाही, सवत नाही, चोर नाही. देवभक्तीत गढलेला राजा आहे. आपल्या भक्तीच्या आड आपण किती जणांच्या तोंडचा घास काढतो आहोत हे त्याच्या गावीही नाही. सज्जनपणाच्या पोटात लपलेला जुलूम इतक्या नेमकेपणाने दाखवणारी गोष्ट पुढच्या छापील साहित्यात यायला बराच काळ जावा लागला. अर्थात कहाणीलाही दार्ष्टांतिक आहेच. म्हातारी राजाला त्याची चूक समजावून सांगते, राजा सुधारतो, आणि साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होते.

छापखाना आला तेव्हा मराठीत जी गोष्ट प्रथम छापली गेली ती बोधाचीच होती. तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यातून १८०६ साली ‘बालबोधमुक्तावली’ निघाली. ते इसापच्या गोष्टींचे मराठी रूप होते. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८१४ साली सिंहासन बत्तिशी मराठीत छापली. १८२८ साली मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी पुन्हा इसाप आणला, शाळेतल्या मुलांसाठी. या सगळ्यांत कोल्हा लबाड, गाढव मूर्ख आणि मुंगी उद्योगी. स्वभाव जातीवर ठरलेला. कोल्ह्याला कधी आपल्या लबाडीची लाज वाटत नाही, मुंगीला कधी कंटाळा येत नाही. खाली ‘तात्पर्य’ असतेच.

माणसाच्या गोष्टीकडे कथा वळली ती हरिभाऊ आपट्यांबरोबर. १८९० साली पुण्यात त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यात ‘स्फुट गोष्टी’ लिहायला सुरुवात केली. हरिभाऊंच्या लिखाणात उपदेश आहे, भरपूर आहे. पण ‘काळ तर मोठा कठीण आला!’ ही दुष्काळावरची दीर्घकथा वाचताना जाणवते की दोष आता एखाद्या खलपुरुषाच्या माथी मारता येत नाही. पाऊस नाही, धान्य नाही, गाव सोडून निघालेले शेतकरी कुटुंब आहे. वाईट घडते आहे आणि करणारा एक हात दिसत नाही. त्या काळाच्या मानाने ही फार मोठी गोष्ट होती.

पुढची वीस-पंचवीस वर्षे ‘मनोरंजन’ मासिकाची. कथा लोकप्रिय झाली, गुंतागुंतीची झाली, शेवटाला उलगडा होणारी झाली. तिथे फार रेंगाळायचे कारण नाही; अपवाद एकच, दिवाकर कृष्ण. १९२२ मध्ये ‘मनोरंजना’त आलेल्या ‘अंगणातला पोपट’पासून त्यांच्या मोजक्या कथांनी घटनेपेक्षा मनाकडे लक्ष दिले. हैदराबादला वकिली करणाऱ्या या माणसाने थोडे लिहिले, पण हळव्या, कोंडलेल्या मनाला बोलू दिले. नंतर फडक्यांनी कथेचे तंत्र घोटून दिले. खांडेकरांनी रूपककथा लिहिल्या. त्यांतल्या फुला-दगड-समुद्रांमागचा अर्थ स्पष्ट दिसावा अशी त्यांची सोय असे. म्हणजे दार्ष्टांतिक वेष बदलून परत आले.

खरी खळबळ झाली १९३३ साली. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आला आणि पुण्या-मुंबईतला सुशिक्षित समाज चिडला. कोण ही बाई, असे विचारत लोक मागे लागले. लेखिका होत्या बाळुताई खरे, पुढच्या मालती बेडेकर. त्यांनी लिहिले ते शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींविषयी. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेचे नावच सगळे सांगते. बापाच्या वाढत्या संसाराचा भार कमावत्या मुलीच्या खांद्यावर आहे. तिला स्वतःचे घर हवे आहे, सोबत हवी आहे, शरीराची ओढही आहे, आणि ती हे कबूल करते. वाचक संतापले ते त्या कबुलीने, असे पुष्कळदा सांगितले जाते. माझ्या मते जास्त झोंबले ते दुसरेच. या कथांमधले आई-बाप दुष्ट नाहीत. ते मुलीवर प्रेम करतात, तिच्या शिक्षणाचा अभिमान बाळगतात आणि तिच्या पगारावर जगतात. मायेचे रूप घेतलेला स्वार्थ पांढरपेशा घरात पहिल्यांदा इतका उघड झाला होता. खुलभर दुधाच्या कहाणीतला राजा आता बैठकीच्या खोलीत येऊन बसला होता, आणि त्याला समजावून सांगणारी म्हातारी तिथे नव्हती.

दुसरे महायुद्ध, रेशनिंग, काळा बाजार, मुंबईच्या चाळींत दाटीवाटीने राहणारी कारकून कुटुंबे, फाळणीच्या बातम्या. या वातावरणात नवकथा उभी राहिली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर ही तिची पहिली नावे, आणि ‘सत्यकथा’ हे मासिक तिचे घर. गाडगीळांच्या एका गाजलेल्या कथेचे शीर्षकच ‘किडलेली माणसे’ आहे. चाळीतल्या माणसांची किरकोळ भांडणे, हेवेदावे, भित्रेपणा. मोठे पाप करण्याचीही ताकद नसलेली माणसे. गाडगीळांनी कथानक जवळजवळ काढून टाकले. शेवटी कोणाला शिक्षा नाही, बक्षीस नाही. तेव्हाचे टीकाकार म्हणत, याला कथा कसे म्हणायचे, यात काही घडतच नाही. ती तक्रार खरी तर दार्ष्टांतिक हरवल्याची होती.

माडगूळकरांचा रस्ता वेगळा. १९४९ च्या ‘माणदेशी माणसे’ मधला धर्मा रामोशी आठवा. त्याला धोतर दिले जाते, आणि पुढे कळते की ते त्याच्या अंगावर नाही, त्याच्या मुलीच्या अंगावर आहे. तिला नेसायला काही नव्हते. माडगूळकर यावर एक शब्दही जास्त बोलत नाहीत. दारिद्र्य किती, माया किती, आणि दान देणाऱ्याला त्यातले किती ठाऊक होते, हे सगळे त्या एका धोतरात आहे. चांगुलपणा लिहिणे दुष्टपणा लिहिण्यापेक्षा अवघड असते. तो फार लवकर गोडगोड होतो. मराठीत तो ज्यांना जमला त्यांत माडगूळकरांच्या बरोबरीने मी दि. बा. मोकाशींचे नाव घेईन. ‘आता अमोद सुनासि आले’ या कथेत तरुण मुलगा गेल्याच्या दुःखात बुडालेला रामजी आहे, पावसाची रात्र आहे आणि शेजाऱ्याची अडलेली गाय आहे. या कामात रामजीचा हात धरणारे गावात दुसरे कोणी नाही. तो उठतो आणि जातो. शीर्षक ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’तल्या ओवीचे आहे, तरी मोकाशी अद्वैत समजावत बसत नाहीत. सुमित्रा भावे यांनी या कथेवरून ‘दिठी’ हा चित्रपट केला, तोही असाच संयमाचा.

नवकथेने मनाचा तळ दाखवला हे खरे, पण ते मन बहुतेक वेळा पगारदार माणसाचे होते. तळ दिसायला आधी पोटात अन्न लागते, ही गोष्ट अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘स्मशानातील सोनं’मध्ये कळते. भीमा हा गावाकडून मुंबईत आलेला धिप्पाड गडी. उपनगरातल्या दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. एके दिवशी त्याला मसणवटीतल्या राखेत सोने सापडते, आणि तो मढ्यांची राख चाळू लागतो, मढी उकरू लागतो. एका श्रीमंताच्या प्रेतासाठी तो रात्री जातो. तिथे कोल्ही आधीच पोचलेली असतात. भीमा त्यांच्याशी झुंजतो, मढे ताब्यात घेतो, पहारीने त्याचा जबडा उघडतो आणि तोंडातले सोने काढताना त्याची बोटे त्या दातांत अडकतात. ती गमावूनच तो सुटतो. आणि त्याच सुमाराला बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. दगड फोडायला आता त्याचा हात धड नाही. तो पहाडासारखा माणूस लहान मुलासारखा रडतो.

भयकथेत शोभावे असे सगळे सामान इथे आहे: अंधार, प्रेते, हिंस्र जनावरे. पण भीती वाटते ती भीमाची नाही. मढे उकरणे हे पाप की पुण्य, हा प्रश्न अण्णा भाऊ विचारत नाहीत. बायको-मुलगी उपाशी आहे आणि खाण बंद आहे, एवढेच ते सांगतात. मढ्याच्या तोंडात सोने ठेवणारा आणि जिवंत माणसाचे काम काढून घेणारा असा एक समाज कथेच्या बाहेर उभा आहे, आणि त्याचे नावही घ्यावे लागत नाही. कथेतल्या दुष्टाव्याचा पत्ता बदलला तो इथे, असे मला ठामपणे वाटते.

बाबूराव बागुलांनी तो आणखी पुढे नेला. १९६३ च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ या संग्रहाच्या शीर्षककथेत एक दलित तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला जातो. खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही. तो कवी आहे, छान बोलतो. सहकारी त्याच्यावर लुब्ध होतात, त्याला मान देतात, घरी बोलावतात. मग जात कळते आणि तेच लोक त्याला मारतात. आतापर्यंतच्या कथांमध्ये माणसे आपला हलकेपणा लपवत आली होती. इथे लपवावे लागते ते स्वतःचे माणूसपण कुठे जन्मले ते. आणि त्या लपवण्यामुळे उघडे पडते ते समोरच्यांचे प्रेम. शेवटी नायक म्हणतो की मला यांनी मारलेच नाही, मारले मनूने. हे वाक्य मला वर्षानुवर्षे अस्वस्थ करत आले आहे. ही क्षमा आहे का? मार देणाऱ्यांना त्यात सूट मिळते का? की आरोप एका माणसावरून हजारो वर्षांच्या व्यवस्थेवर टाकल्याने तो जास्त जड होतो? बागुल उत्तर देत नाहीत.

याच दशकांत धारवाडला बसून जी. ए. कुलकर्णी लिहीत होते. ‘निळासावळा’ १९५९, ‘पारवा’ १९६०, ‘हिरवे रावे’ १९६२, ‘काजळमाया’ १९७२. ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि प्रकाशनाच्या सालावरून वाद उठताच जी.एं.नी तो परत केला. त्यांच्या कथांत चांगल्याला फळ मिळत नाही आणि वाईटालाही हमखास शिक्षा होत नाही. नियती दोघांनाही सारखीच रगडते. मात्र माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे पुस्तक आहे १९७५ चे ‘सांजशकुन’. त्यात ते थेट दृष्टांताकडे वळले. प्रवासी, समुद्र, प्राणी, राजे. सातशे वर्षांपूर्वीच्या दृष्टांतांशी नाते सांगणारी छोटी छोटी रूपके. फरक एवढाच, की दार्ष्टांतिक नाही. खांडेकरांची रूपककथा वाचून माणूस समाधानाने पुस्तक मिटतो. ‘सांजशकुन’ वाचून पुन्हा पहिल्या पानाकडे जावे लागते, आणि दोन वाचक दोन वेगळे अर्थ घेऊन भांडतात. ते भांडण मला फार मोलाचे वाटते.

१९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडली. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. त्या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही, पण पुढची कथा घडली ती संपानंतरच्या गिरणगावात. जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या संग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गिरण्या गेल्या, मॉल आले, आणि मधल्या माणसांनी पोटासाठी काय काय केले, काय गिळले, कोणाला दगा दिला, ते या कथांत आहे. ज्यांना अण्णा भाऊंचा भीमा ठाऊक आहे त्यांनी या कथा त्याच्या कथेला जोडून वाचाव्यात. भीमाची खाण निदान पुन्हा सुरू तरी झाली होती. या गिरण्या सुरू झाल्या नाहीत.