पासष्टीची चाचणी, अठ्ठ्याहत्तरीच्या आजी

परळच्या मोठ्या रुग्णालयांबाहेर शहाळ्यांच्या गाड्या उभ्या असतात. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून आपण शहाळं नेतो. आमच्या मजल्यावरच्या आजी हार्ट फेल्युअरचे उपचार घेऊन घरी आल्या, तेव्हा मीही तेच नेलं. त्यांच्या मुलाने गोळ्यांचा डबा उघडला आणि एका पट्टीवर बोट ठेवून विचारलं, "हिच्यामुळे मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी घटतं असं वाचलं. म्हणजे आईचाही धोका तेवढा कमी झाला ना?"

गोळी होती स्पायरोनोलॅक्टोन. आकडा खरा आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या 'रेल्स' चाचणीत १५ देशांतले १,६६३ रुग्ण होते, सगळ्यांचं हृदय बरंच कमजोर झालेलं. सरासरी दोन वर्षांत नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्या गटातले ४६ टक्के दगावले, खरी गोळी घेणाऱ्यांतले ३५ टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरलेल्या मुदतीआधीच थांबवली गेली.

पण हे १,६६३ जण कोण होते? त्यांचं सरासरी वय ६५ होतं. ज्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला घटक) २.५ च्या वर किंवा रक्तातलं पोटॅशियम ५ च्या वर, त्यांना आतच घेतलं नव्हतं. घेतलेल्यांचं रक्त पहिले तीन महिने निदान दर चार आठवड्यांनी तपासलं जात होतं.

निकाल जाहीर झाल्यावर कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात काय झालं, ते २००४ साली छापून आलं. अभ्यास ६६ आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांचा होता. हार्ट फेल्युअरसाठी नुकतेच दाखल होऊन गेलेले आणि रॅमिप्रिल, एनालाप्रिलच्या जातीचं हृदयाचं आणि रक्तदाबाचं औषध घेणारे जे रुग्ण होते, त्यांच्यात ही गोळी लिहून देण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी ३४ होतं, ते २००१ च्या अखेरीस १४९ झालं. त्याच लोकांत पोटॅशियम वाढून रुग्णालयात दाखल होणं हजारी २.४ वरून ११ वर गेलं आणि त्यातून होणारे मृत्यू हजारी ०.३ वरून २ वर. एकूण मृत्यूंमध्ये मात्र लक्षणीय घट दिसली नाही. चाचणी खोटी नव्हती. तिच्यातली माणसं आणि तिच्यातली देखरेख वेगळी होती.

आता पोटॅशियमच का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तात उरतं ते थोडंसं, आणि त्या थोडक्यावर हृदयाच्या पेशींचा विद्युतदाब अवलंबून असतो. ते फार वाढलं की ठोके बिघडतात, हृदय बंदही पडू शकतं. जादा पोटॅशियम बाहेर काढायचं काम मूत्रपिंडातल्या नलिकांच्या शेवटच्या टप्प्यात होतं. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक तिथल्या पेशींमध्ये सोडियमची दारं वाढवतं. धन भाराचं सोडियम आत शिरलं की नलिकेची पोकळी ऋण होते आणि तो ऋण भार पेशीतल्या पोटॅशियमला लघवीकडे ओढून घेतो. स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनची जागाच अडवतं, त्यामुळे ही ओढ कमी पडते. रॅमिप्रिलसारखी औषधं अल्डोस्टेरॉन मुळातच कमी बनू देतात. मूत्रपिंड थकलेलं असेल तर गाळणी मंद, म्हणून नलिकेच्या टोकापर्यंत सोडियमच कमी पोचतं. जुन्या मधुमेहात अल्डोस्टेरॉन अनेकदा आधीच कमी असतं. गुडघ्यांसाठी घेतलेलं आयबुप्रोफेन त्यात आणखी भर घालतं. पासष्टीच्या निवडलेल्या रुग्णात यातलं एखादं कारण असेल, अठ्ठ्याहत्तरीच्या आजींमध्ये चारही असू शकतात.

मग त्यांचं क्रिएटिनिन पाहिलं की झालं ना? इथे मला सर्वात काळजी वाटते. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. स्नायू कमी तर क्रिएटिनिनही कमी, मूत्रपिंड कसंही असो. आजींचं वजन ४२ किलो, क्रिएटिनिन १.२. चाचणीच्या २.५ च्या मर्यादेत त्या आरामात बसतात. पण १९७६ च्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात त्यांचं वय आणि वजन घातलं, तर मूत्रपिंडाचा रक्त गाळण्याचा वेग मिनिटाला साधारण २६ मिलिलिटर निघतो. ६० वर्षांच्या, ७५ किलोच्या पुरुषाचं क्रिएटिनिन तेच १.२ असेल तर वेग येतो ६९. रिपोर्टवरचा आकडा एकच, मूत्रपिंडं दोन निराळी. शिवाय हे सूत्रही ज्यांच्यावरून बसवलं ते जवळजवळ सगळे पुरुष होते. बायकांसाठी १५ टक्के वजा करायचे, हा अंदाज होता.

"नैसर्गिक आहे, त्याने काय होणार" हे वाक्य मी रोज ऐकतो. कपभर शहाळ्याच्या पाण्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. रक्तदाबासाठी चांगलं म्हणून खपणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात तर सोडियम काढून पोटॅशियम क्लोराइडच घातलेलं असतं. निरोगी माणसाला दोन्ही चालतात. आजींना नाही. आणि हे वाचून कोणी गोळी मनाने बंद करू नये. योग्य माणसात, योग्य देखरेखीत ती जीव वाचवते.

याला पुरावा आहे. स्कॉटलंडच्या टेसाइड भागात या गोळीचा वापर असाच वाढला, पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोटॅशियममुळे दाखल होणाऱ्यांची संख्या वाढलेली दिसली नाही. तिथे रक्ततपासण्याही वाढल्या होत्या.

आजींच्या फाईलमध्ये पोटॅशियमचा शेवटचा रिपोर्ट डिस्चार्जच्या दिवशीचा होता, सात आठवड्यांपूर्वीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त घ्यायला लॅबचा मुलगा घरी आला. संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर आला: ५.७. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली, गुडघ्याची बंद केली आणि आठ दिवसांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं.