नवे प्रमुख धर्मगुरू, सेवेचे व्रत आणि मरियाभक्ती : पार्श्वभूमी

कॅथोलिक धर्मग्रामाचा (एका चर्चच्या भाविकसमूहाचा, म्हणजे पॅरिशचा) कार्यभार स्वीकारणाऱ्या नव्या प्रमुख धर्मगुरूंच्या पहिल्या प्रवचनात दोन गोष्टी बहुधा जोडीने येतात : लोकांची सेवा हेच आपले काम आहे, असे ते सांगतात आणि ते काम येशूची माता पवित्र मरिया हिच्या मध्यस्थीवर, म्हणजे तिने देवाकडे केलेल्या विनवणीवर, सोपवतात. ऐकणाऱ्याला यातील दुसरा भाग प्रवचनाच्या शेवटी येणारा भक्तिपर उपचार वाटण्याची शक्यता असते. परंतु सेवा आणि मरियाभक्ती यांची आज जी सांगड घातली जाते तिला निश्चित इतिहास आहे, आणि त्या इतिहासातील निर्णायक भाग दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या महागुरूंच्या (बिशपांच्या) सभेत, ऑक्टोबर १९६३ ते नोव्हेंबर १९६४ या काळात घडला.

त्याआधीच्या शतकांत हे दोन प्रवाह बरेचसे वेगवेगळे वाहत होते. इ. स. ४३१ च्या एफिसस परिषदेने मरियेला ‘देवमाता’ ही पदवी मान्य केली ती मुळात ख्रिस्ताविषयीच्या वादात. तिच्या उदरी जन्मलेला पुत्र खरा देव आहे, हे ठामपणे सांगण्यासाठी. धर्मगुरूंच्या सेवेचा विचार मात्र शिस्तीच्या अंगाने होत गेला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक जाणत्या भाविकाने वर्षातून किमान एकदा आपल्या धर्मगुरूंपाशी पापनिवेदन करावे असा नियम केला, आणि ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये प्रमुख धर्मगुरूंनी आपल्या धर्मग्रामातच वास्तव्य करावे यावर भर देऊन धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी सेमिनरी स्थापन करण्याचा आदेश दिला. पुढे फ्रान्समधील आर्स या खेड्यात १८१८ पासून १८५९ पर्यंत सेवा करणाऱ्या धर्मगुरूंच्या जीवनात हे दोन्ही प्रवाह एकत्र आलेले दिसतात : तासन्‌तास पापनिवेदन ऐकणाऱ्या या धर्मगुरूंनी १८३६ मध्ये, म्हणजे निष्कलंक गर्भसंभवाचा (मरिया गर्भधारणेपासूनच मूळ पापापासून मुक्त होती, हा) सिद्धांत जाहीर होण्याच्या अठरा वर्षे आधी, आपला धर्मग्राम निष्कलंक मरियेला समर्पित केला होता. १९२९ मध्ये त्यांना प्रमुख धर्मगुरूंचे आश्रयदाते संत म्हणून घोषित करण्यात आले. तरीही १९१७ च्या धर्मकायद्याने धर्मगुरूंच्या रोझरीचा (मरियेच्या जपमाळेच्या प्रार्थनेचा) उल्लेख केला तो त्यांच्या वैयक्तिक धर्माचरणाच्या यादीत. लोकांमधील त्यांच्या कामाशी त्या प्रार्थनेचा काय संबंध आहे, हे त्या कायद्याने सांगितले नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मरियेविषयीची शिकवण मोठ्या वेगाने पुढे सरकली. १८५४ मध्ये निष्कलंक गर्भसंभव आणि १९५० मध्ये स्वर्गोन्नयन (मरियेला देहासह स्वर्गात घेतले गेले) हे दोन सिद्धांत जाहीर झाले, आणि १९५४ हे साल मरियावर्ष म्हणून पाळण्यात येऊन त्याच वर्षी मरियेच्या राणीपदाचा सण सुरू झाला. त्यामुळे नवी परिषद बोलावली गेली तेव्हा अनेक महागुरूंची अपेक्षा होती की, आता मरियेच्या मध्यस्थीविषयीही सिद्धांत जाहीर व्हावा. परिषदेच्या तयारीत मरियेवर एक स्वतंत्र मसुदा लिहिला गेला, आणि पहिल्या अधिवेशनात तो महागुरूंच्या हाती पडला.

वाद पेटला तो या मसुद्याच्या स्थानावरून. मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज असावा, की ख्रिस्तसभेविषयीच्या (चर्चविषयीच्या) दस्तऐवजात तिच्यावर एक प्रकरण असावे? वरवर पाहता हा ग्रंथरचनेचा प्रश्न होता. २४ ऑक्टोबर १९६३ रोजी दोन कार्डिनलांनी (पोपमहोदयांनंतरच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांनी) दोन बाजू मांडल्या. मनिलाच्या कार्डिनलांचे म्हणणे असे की, मरियेचे ख्रिस्ताशी असलेले नाते ख्रिस्तसभेच्या चौकटीत मावत नाही; तारणकार्यात तिचा सहभाग ख्रिस्तसभेच्या जन्माआधीचा आहे, आणि तिला एका प्रकरणात बसवले तर सामान्य भाविकांना तिचा मान कमी केल्यासारखे वाटेल. व्हिएन्नाच्या कार्डिनलांनी उत्तर दिले की, मरियेला ख्रिस्तसभेपासून अलग करून पाहिल्याने तिच्याविषयीचा विचारच एकाकी पडतो. ख्रिस्ताच्या तारणाचे फळ जिच्यात सर्वप्रथम आणि परिपूर्णपणे दिसले ती स्त्री ख्रिस्तसभेची आदर्श सदस्य आहे, आणि अशी मांडणी पूर्वेकडील ख्रिस्ती बांधवांना व प्रॉटेस्टंट पंथीयांनाही समजू शकेल. पुढचे काही दिवस पत्रकांची देवाणघेवाण झाली, सभागृहाबाहेर तीव्र चर्चा झाल्या, आणि काहींना हा प्रश्न थेट मरियेच्या बाजूने की विरुद्ध असा वाटू लागला. २९ ऑक्टोबरला मतदान झाले. एक प्रकरण म्हणून समावेश करण्याच्या बाजूने १,११४ आणि विरोधात १,०७४ मते पडली. ज्या परिषदेत बहुतेक निर्णय प्रचंड बहुमताने झाले, तिथे दोन हजारांहून अधिक मतांत केवळ चाळीस मतांचा फरक राहिला.

हे मतदान मरियाभक्तीला लागलेली ओहोटी होती असे आजही काही जण मानतात. हे मत पटण्यासारखे नाही. कारण त्या चाळीस मतांमुळेच मरियेची सेवा आणि ख्रिस्तसभेची सेवा एका दस्तऐवजात, एका विचारसूत्रात आली. मरियेवरचे ते प्रकरण या दस्तऐवजाचे आठवे प्रकरण झाले; त्याचे शीर्षकच मरियेला ख्रिस्ताच्या आणि ख्रिस्तसभेच्या रहस्यात पाहते, म्हणजे पराभूत बाजूच्या मुख्य आग्रहालाही त्यात जागा मिळाली. ‘मध्यस्थ’ ही पदवी काढून टाकली गेली नाही. ती इतर पदव्यांच्या सोबत ठेवून, ख्रिस्त हाच एकमेव मध्यस्थ आहे आणि त्याच्या थोरवीत यामुळे काही उणे वा अधिक होत नाही, असे स्पष्ट करण्यात आले. अतिशयोक्ती आणि कोतेपणा या दोन्हींपासून दूर राहण्याची सूचना प्रवचनकारांना करण्यात आली. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी हा दस्तऐवज २,१५१ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला, आणि त्याच दिवशी पोपमहोदयांनी मरियेला ‘ख्रिस्तसभेची माता’ म्हणून घोषित केले, जी पदवी समितीने मसुद्यातून वगळली होती.

नव्या प्रमुख धर्मगुरूंच्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा भाग पासष्टाव्या परिच्छेदाच्या शेवटी आहे. ख्रिस्तसभेच्या प्रेषितकार्यात सहभागी होणाऱ्या सर्वांच्या अंगी जे मातृप्रेम असायला हवे त्याचा आदर्श मरियेने आपल्या जीवनात घालून दिला, असे तिथे म्हटले आहे. ‘मी प्रभूची दासी’ असे म्हणणारी मरिया लूकच्या शुभवर्तमानात पुढच्याच प्रसंगात डोंगराळ प्रदेशातून लगबगीने एलिझाबेथकडे जाते आणि सुमारे तीन महिने तिच्यापाशी राहते. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपल्याचे तिच्याच लक्षात येते, आणि ती सेवकांना आपल्या पुत्राचे ऐकायला सांगते. धर्मगुरूंनी आपल्या कामाचे मोजमाप या प्रसंगांशी लावून पाहावे, हाच त्या वाक्याचा आशय आहे. डिसेंबर १९६५ मध्ये धर्मगुरूंच्या सेवाकार्यावर जे फर्मान निघाले त्यात मरियेला प्रेषितांची राणी आणि त्यांच्या सेवाकार्याचा आधार म्हटले आहे.

परिषदेनंतरच्या दशकात अनेक ठिकाणी भक्तिप्रकार ओसरले, हे खरे आहे, आणि त्यात धर्मगुरूंचा वाटा नव्हता असे म्हणता येणार नाही. २ फेब्रुवारी १९७४ च्या पोपप्रबोधनात याविषयी विलक्षण स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. लोकांच्या भक्तिप्रकारांकडे आधीच तुच्छतेने पाहून ते बंद पाडणारे आणि त्यांच्या जागी काहीच न देणारे धर्मगुरू, तसेच नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आणि मिस्सा (ख्रिस्तप्रसादाचा मुख्य उपासनाविधी) यांची सरमिसळ करणारे धर्मगुरू, अशा दोघांनाही त्यात समज दिलेली आहे. मिस्सा चालू असताना रोझरी म्हणणे चूक आहे, असेही तिथे सांगितले आहे. धर्मग्रामात नव्याने आलेल्या धर्मगुरूंपुढे पहिल्याच महिन्यात उभा राहणारा प्रश्न, म्हणजे चालत आलेली भक्ती तशीच ठेवावी की बदलावी, याचे इतके व्यवहारी मार्गदर्शन दुसरीकडे क्वचितच सापडते.

या वाटचालीतील सर्वांत अलीकडचा टप्पा ४ नोव्हेंबर २०२५ चा. त्या दिवशी रोमहून प्रसिद्ध झालेल्या सैद्धांतिक टिपणात मरियेसाठी ‘सहतारणकर्ती’ ही पदवी वापरणे नेहमीच अनुचित ठरते असे म्हटले असून, ‘सर्व कृपांची मध्यस्थ’ या शब्दप्रयोगाबाबतही सावधगिरी सुचवली आहे. काही भाविक यामुळे दुखावले गेले. मात्र परिषदेसाठी तयार केलेल्या मूळ स्वतंत्र मसुद्यानेही ‘सहतारणकर्ती’ हा शब्द हेतुपुरस्सर टाळला होता. टिपणाचा भर मरियेच्या मातृत्वावर आहे आणि त्याचे शीर्षकही तिला श्रद्धावंत प्रजेची माता म्हणते.

१९८३ चा धर्मकायदा आज प्रमुख धर्मगुरूंना लागू आहे. कार्यभार घेताना त्यांनी श्रद्धेची जाहीर कबुली द्यायची असते. त्यांनी कुटुंबांना भेटी द्याव्यात, त्यांच्या दुःखात सहभागी व्हावे आणि आजारी, गरीब, एकाकी व निर्वासित लोकांकडे विशेष लक्ष द्यावे, असे कलम ५२९ सांगते. तर कलम २७६ धर्मगुरूंना देवमातेचा विशेष आदर राखण्यास सांगते. या दोन कलमांच्या मध्ये अडीचशे कलमांचे अंतर असले तरी कलम ५३४ त्यांना व्यवहारात एकत्र आणते. प्रत्येक रविवारी आणि धर्मप्रांतात (महागुरूंच्या अधिकारक्षेत्रात) पाळल्या जाणाऱ्या प्रत्येक आज्ञासणाला (मिस्सेला उपस्थित राहणे बंधनकारक असलेल्या सणाला) प्रमुख धर्मगुरूंनी आपल्या लोकांसाठी मिस्सा अर्पण करायची असते. रविवार सोडून धर्मकायद्याने दिलेल्या दहा आज्ञासणांपैकी तीन मरियेचे आहेत : १ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि ८ डिसेंबर. यातील एखादी मिस्सा राहून गेली तर ती शक्य तितक्या लवकर, राहिली असतील तितक्या संख्येने, अर्पण करण्याचे बंधन त्यांच्यावर आहे.