शेपूट हलतेय म्हणजे कुत्रा खूशच?

'शेपूट हलवणारा कुत्रा चावत नाही, मुलांना खुशाल मिठी मारू द्या.' प्ले थेरपीत (खेळातून मुलांवर होणाऱ्या मानसोपचारात) पाळीव कुत्रा आणायचा विषय निघाला की हा जुना सल्ला हमखास ऐकू येतो.

शेपूट हलते तेव्हा कुत्रा उत्तेजित झालेला असतो, एवढंच. कारण आनंद असेल, तशी धास्तीही. म्हणून बाकीचं अंग बघा. अंग सैल, शेपूट ऐसपैस हलतेय, तर बहुधा मैत्री. अंग ताठ आणि उंच शेपटीची बारीक थरथर, तर मुलाला लांब ठेवा. झोप आलेली नसताना जांभई, सारखं ओठ चाटणं, तोंड फिरवणं ही अस्वस्थता. (मिठीत बऱ्याच कुत्र्यांना अडकल्यासारखं वाटतं, आपल्याला हे पचायला जड जातं.)

कुत्र्याला स्पर्श हवाय का, याची पडताळणी सोपी आहे. काही सेकंद कुरवाळून हात मागे घ्या. तो स्वतःहून जवळ सरकला तरच पुढे जा. नुसता बसून राहिला तरी नकार समजा.