फाईल पुसली जात नाही, नाव खोडलं जातं

"सर, रिमूव्हनं शून्य परत दिलं, फाईल यादीतून गेली, तरी डिस्क भरलेलीच आहे. असं कसं?" गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकलला आलेला हा प्रश्न मला फार आवडला.

सी प्रोग्रॅममधून फाईल काढायला रिमूव्ह हे फंक्शन असतं. त्याला फाईलचं नाव द्यायचं. काम झालं तर शून्य, नाही झालं तर दुसरा आकडा परत मिळतो. लिनक्सवर साध्या फाईलसाठी ते आतून अनलिंकला हाक मारतं. हे नाव 1971च्या युनिक्सपासूनचं, आणि किती नेमकं! पुसणं नव्हे, दुवा तोडणं.

फोल्डर म्हणजे दोन रकान्यांची वही. एकात नाव, दुसऱ्यात आयनोडचा क्रमांक. फाईलचा आकार, मालक, डिस्कवरच्या जागा हे सगळं आयनोडमध्ये असतं, नाव मात्र नसतं. शिवाय त्यात एक मोजणी असते: या आयनोडकडे किती नावं बोट दाखवताहेत. 'एलएन' कमांडनं फाईलला दुसरं नाव दिलं की तपशीलवार यादी दाखवणाऱ्या 'एलएस -एल' कमांडच्या दुसऱ्या रकान्यात 1 चे 2 होतात. अनलिंक वहीतली ओळ खोडतं आणि मोजणी एकनं उतरवतं. ती शून्यावर आली आणि कुठल्याही प्रोग्रॅमनं फाईल उघडून धरलेली नसली, तरच जागा मोकळी होते. रीड-ओन्ली फाईलही उडते ती यामुळेच, कारण आपण फाईलवर नाही, वहीवर लिहीत असतो. परवानगी फोल्डरची लागते.

आणि मोकळी झाली म्हणजे जागा कोरी झाली असंही नाही. जुने बाइट तिथे दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पडून राहू शकतात. उलट एसएसडीवर ट्रिम, म्हणजे कुठल्या जागा आता नकोत हे डिस्कला कळवणारी सोय, चालू असेल, तर ते लवकरच हाती लागेनासे होतात. म्हणून 'डिलीट केलेलं सगळं 100 टक्के परत आणू' या जाहिरातींवर विसंबून पैसे घालवू नका.

त्या विद्यार्थ्याच्या कोडमध्ये फाईल उघडणारं एफओपन होतं, लगेच खाली रिमूव्ह, आणि मग लूपमध्ये फाईलमध्ये लिहिणारं एफप्रिंटएफ. फाईल बंद करणारं एफक्लोज कुठेच नव्हतं. नाव गेलेल्या फाईलमध्ये प्रोग्रॅम लिहीतच होता. कुठल्या प्रोग्रॅमनं कुठली फाईल उघडून धरलीय ते दाखवणारं 'एलएसओएफ' चालवलं, तर त्या फाईलच्या ओळीपुढे कंसात 'डिलीटेड' असा शेरा दिसला. त्यानं प्रोग्रॅम थांबवायला कंट्रोल-सी दाबलं, डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारं 'डीएफ' पुन्हा पाहिलं. जागा परत आली होती.