शेवंतीची रात्र आणि गॅलरीसमोरचा दिवा

दिवाळीच्या सुमारास रोपवाटिकेतून आणलेली, कळ्यांनी लगडलेली शेवंतीची कुंडी महिनाभर गॅलरीची शोभा वाढवते. पुढच्या वर्षी मात्र तीच शेवंती हात-दीड हात उंच वाढते, हिरवीगार पाने मिरवते आणि एकही फूल न देता डिसेंबर ओलांडते. यावर सुचवले जाणारे उपाय ठरलेले आहेत. केळीच्या सालीचे पाणी, एप्सम सॉल्ट, शेणखताचा एक हात आणि ‘ब्लूम बूस्टर’ नावाची महागडी बाटली असे सगळे करून झाले, की शेवटी ‘दृष्ट लागली’ हे निदान होते. वास्तविक ज्या रोपाची पाने टवटवीत आहेत आणि ज्याला नवे फुटवे येत आहेत, ते रोप उपाशी नाही हे उघड दिसते. शहरातील शेवंती फुलत नसेल तर खताची पिशवी उघडण्याआधी रात्री दहा वाजता गॅलरीत जावे आणि त्या कुंडीवर कोणकोणत्या दिव्यांचा उजेड पडतो ते पाहावे.

आपल्या देवपूजेत आणि वेण्या-गजऱ्यांत शेवंती इतकी रुळली आहे की ती परदेशी असल्याचे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही; मेक्सिकोतून आलेल्या झेंडूचेही तसेच झाले आहे. शेवंतीचे मूळ घर चीन. चौथ्या-पाचव्या शतकात होऊन गेलेला ताओ युआनमिंग हा चिनी कवी आपल्या कुंपणाशी फुललेल्या शेवंतीसाठी प्रसिद्ध आहे, म्हणजे शोभेचे झाड म्हणून तिची लागवड किमान सोळाशे वर्षे होत आली आहे. चीनमधून ती जपानमध्ये गेली आणि तेथे सोळा पाकळ्यांची शेवंती राजघराण्याची मुद्रा बनली. युरोपात ती रुजली ती १७८९ साली, मार्सेच्या पिएर ब्लांकार नावाच्या व्यापाऱ्याने आणलेल्या रोपांमुळे. ज्याला आपण शेवंतीचे एक फूल म्हणतो, तो खरे तर शेकडो लहान फुलांचा गुच्छ असतो आणि कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हे एक स्वतंत्र फूल असते. पण या लेखाचा विषय ते फूल नव्हे, ते उमलण्याची वेळ कशी ठरते हा आहे.

चीनच्या समशीतोष्ण प्रदेशात वाढणाऱ्या शेवंतीच्या रानटी पूर्वजांना एक अडचण होती. बर्फ पडण्यापूर्वी फुलून, बी धरून मोकळे व्हायचे, पण उन्हाळ्यातील वाढीचे दिवसही वाया घालवायचे नाहीत. तापमानावर भरवसा ठेवावा तर एखाद्या वर्षी थंडी उशिरा येते, एखाद्या वर्षी मध्येच ऊब येते. दरवर्षी त्याच तारखेला तितकीच असते अशी एकच गोष्ट निसर्गात आहे आणि ती म्हणजे रात्रीची लांबी. टोकियोच्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस सुमारे साडेचौदा तासांचा, तर डिसेंबरमध्ये पावणेदहा तासांचा असतो. ज्या वनस्पतीला हा फरक ओळखता येईल, तिच्या हाती बिनचूक पंचांग आले असे समजावे.

वनस्पतींना हा फरक ओळखता येतो हे स्पष्टपणे दाखवून दिले ते अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अलार्ड या दोघांनी. त्यांच्याकडे ‘मेरीलँड मॅमथ’ नावाची तंबाखूची एक जात होती, जी उन्हाळ्यात शेतात नुसतीच उंच वाढत राही आणि फुले मात्र हिवाळ्यात, काचघरात आणल्यावरच देई. शिवाय सोयाबीनच्या ‘बिलॉक्सी’ या जातीचे बी आठवड्या-आठवड्यांच्या अंतराने पेरले तरी सगळी रोपे सप्टेंबरमध्ये जवळजवळ एकाच वेळी फुलत, मग त्यांचे वय काहीही असो. तापमान, ओलावा, खते असे सगळे घटक तपासून निरुपयोगी ठरल्यावर त्यांनी १९१८ च्या उन्हाळ्यात काही रोपे दुपारनंतर एका अंधाऱ्या खोपटात ठेवायला सुरुवात केली आणि ती रोपे भर उन्हाळ्यात फुलली. १९२० साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवस-रात्रीच्या लांबीनुसार फुलण्याच्या या गुणधर्माला मराठीत दीप्तिकालिता म्हणतात. शेवंती, सोयाबीन यांसारख्या वनस्पतींना तेव्हापासून ‘लघुदिवसी’ म्हटले जाऊ लागले.

हे नाव टिकले खरे, पण ते उलट्या टोकाने ठेवलेले आहे. १९३८ साली हॅम्नर आणि बॉनर यांनी आपल्याकडे गोखरू किंवा शंकेश्वर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांच्या तणावर प्रयोग केले. दिवसाच्या मध्यावर थोडा वेळ काळोख केला तर त्या रोपांना काहीच फरक पडला नाही. पण लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटे दिवा लावला तर ती फुललीच नाहीत. याचा अर्थ रोप उजेडाचे तास मोजत नाही, ते सलग अंधाराचे तास मोजते आणि मध्येच उजेड झाला की ती रात्र बाद होते. शेवंतीची गोष्टही हीच आहे. तिच्या बहुतेक जातींना कळी धरण्यासाठी साडेनऊ तासांहून, आणि ती कळी नीट पोसून उमलण्यासाठी साडेदहा तासांहून मोठी सलग रात्र लागते.

आता या सगळ्यातील सर्वांत सुंदर भागाकडे, म्हणजे रोपाला उजेड ‘दिसतो’ कसा याकडे वळू. वनस्पतींच्या पेशींत फायटोक्रोम नावाचे एक निळसर रंगद्रव्य-प्रथिन असते. त्याची दोन रूपे आहेत. पहिले रूप सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश शोषते आणि लगेच दुसऱ्या रूपात बदलते. दुसरे रूप सुमारे ७३० नॅनोमीटरचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा गर्द लाल प्रकाश शोषते आणि परत पहिल्या रूपात येते. १९५२ साली बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर लाल आणि गर्द लाल प्रकाशाचे झोत आलटून-पालटून टाकले, तेव्हा शेवटचा झोत लाल असला की बी रुजे आणि गर्द लाल असला की रुजत नसे, मग त्याआधी कितीही झोत टाकलेले असोत. या एका निरीक्षणावरून, रंगद्रव्य हाती येण्यापूर्वीच, त्याच्या उलटसुलट होणाऱ्या स्वभावाचा अंदाज बांधला गेला होता. ते प्रत्यक्ष सापडले १९५९ साली. सूर्यप्रकाशात लाल भाग भरपूर असल्याने दिवसा दुसरे, क्रियाशील रूप जास्त असते. रात्री ते हळूहळू ओसरते. आणि रात्री पेटलेला बल्ब ते पुन्हा तयार करतो.

फायटोक्रोम हे काम पानात करते, कळी मात्र शेंड्यावर येते. मग पानाचा निरोप शेंड्यापर्यंत जातो कसा, या प्रश्नावर मॉस्कोमध्ये मिखाईल चायलाख्यान यांनी १९३०च्या दशकात जे प्रयोग केले, त्यांतील गाजलेला प्रयोग शेवंतीवरचाच आहे. त्यांनी रोपाच्या वरच्या भागातील पाने काढून टाकली. खालच्या पानांना मोठी रात्र आणि वरच्या उघड्या शेंड्याला लहान रात्र दिली, तेव्हा रोप फुलले. हीच व्यवस्था उलटी केली, तेव्हा फुलले नाही. पानातून शेंड्याकडे काहीतरी वाहत जाते असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्या अज्ञात पदार्थाला ‘फ्लोरिजेन’ असे नाव दिले. त्यानंतर तो पदार्थ शोधण्यात सत्तर वर्षे गेली. २००७ साली मोहरीच्या कुळातील अरॅबिडोप्सिस आणि भात या दोन वनस्पतींमध्ये तो एक लहानसे प्रथिन असल्याचे सिद्ध झाले, तेव्हा चायलाख्यान हयात नव्हते.

शेवंतीतील उत्तर मिळायला आणखी काही वर्षे लागली, कारण बागेतील शेवंतीच्या पेशीत गुणसूत्रांचे सहा संच, म्हणजे साधारणतः ५४ गुणसूत्रे असतात आणि अशा गर्दीत एकेका जनुकाचे काम वेगळे काढणे फार कठीण असते. जपानी संशोधकांनी म्हणून दोनच संच असलेली एक रानटी शेवंती निवडली आणि २०१३ साली असे दाखवले, की तिच्या पानांत फ्लोरिजेनच्या जोडीला त्याचा एक विरोधकही तयार होतो. त्याला ‘अँटी-फ्लोरिजेन’ म्हणतात. फुलोऱ्याची जनुके चालू करण्यासाठी फ्लोरिजेनला शेंड्याच्या पेशीतील एका जोडीदार प्रथिनाशी बांधले जावे लागते आणि विरोधकालाही नेमके तेच प्रथिन हवे असते; एसटीतील एकाच जागेसाठी दोघांनी खिडकीतून रुमाल टाकावा तसा हा प्रकार आहे. विरोधकाचे प्रमाण वाढले की कळीचे काम थांबते आणि शेंड्यावर पानामागून पान येत राहते.

हा विरोधक केव्हा तयार होतो, हे खरे मर्म आहे. अंधार पडला की पानातील जैविक घड्याळ जणू शून्यापासून सुरू होते आणि ठरावीक तासांनंतर एक संवेदनशील काळ येतो. त्या काळात पानावर लाल प्रकाश पडला, तर फायटोक्रोममार्फत विरोधकाचे जनुक चालू होते. उन्हाळ्याच्या लहान रात्रीत हा काळ संपण्याआधीच पहाट होते, म्हणून विरोधक बनतो आणि रोप वाढत राहते. शरद ऋतूतील मोठ्या रात्रीत तो काळ संपूर्ण काळोखात निघून जातो, विरोधक बनत नाही आणि कळी धरते. मध्यरात्रीचा दिवा म्हणजे या संवेदनशील काळात आलेली खोटी पहाट. येथपर्यंतची प्रथिनांची नावे वाचकाने विसरली तरी चालतील; संध्याकाळपासून मोजणी सुरू होते आणि अवेळी आलेला उजेड ती मोडतो, एवढे लक्षात ठेवणे पुरे.

फूलशेतीत या ज्ञानाचा व्यवहारी उपयोग फार पूर्वीपासून होतो आहे. जपानच्या आत्सुमी द्वीपकल्पावर रात्री शेवंतीच्या काचघरांत हजारो दिवे लावून फुलोरा लांबवला जातो आणि माल ज्या सणाला हवा त्या हिशेबाने ते दिवे बंद केले जातात. आपल्याकडे गणित थोडे वेगळे आहे. पुण्याच्या अक्षांशावर जूनमधला दिवसही सव्वातेरा तासांचाच असतो. त्यामुळे पॉलिहाऊसमध्ये लांब दांड्याची शेवंती घ्यायची, तर लागवडीनंतर काही आठवडे रात्री दिवे लावावेच लागतात. नाहीतर दांडा वीतभर होण्याआधीच रोप कळीवर येते. रात्री दहा ते दोन या वेळेत सुमारे १०० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड ही रूढ पद्धत आहे. सलग चार तास दिवे न जाळता दर अर्ध्या तासात पाच-सहा मिनिटे लावूनही काम भागते, कारण क्रियाशील फायटोक्रोम लगेच ओसरत नाही. दिवे बंद केल्यापासून फुले काढणीला येईपर्यंत जातीनुसार साधारण आठ ते अकरा आठवडे जातात. पुणे, सातारा, अहिल्यानगर भागात उघड्या शेतात झिपरी, राजा यांसारख्या जाती काश्या, म्हणजे जुन्या झाडाच्या बुडातून फुटलेले कोंब, लावून घेतात. तेथे दिव्यांची भानगड नसते, शेंडा खुडून फुटवे वाढवायचे आणि पाऊस सरल्यावरच्या मोठ्या रात्रींची वाट पाहायची.

आता गॅलरीकडे येऊ. नऊ वॅटचा साधा एलईडी बल्ब दोन हातांवरच्या कुंडीवर शंभरच्या आसपास लक्स उजेड सहज पाडतो. रस्त्यावरील दिव्याचा उजेड जमिनीपर्यंत पोहोचेतो दहा-वीस लक्स उरतो, पण दुसऱ्या मजल्यावरची कुंडी खांबाच्या डोक्याजवळ असेल तर तिला त्याहून पुष्कळ मिळतो, आणि काही जातींना थोडा उजेडही रात्र मोडायला पुरतो. पौर्णिमेचे चांदणे मात्र पाव लक्सच्या आसपास असते. चांदण्यामुळे शेवंती रुसते किंवा पौर्णिमेला लावलेली काशी जास्त फुलते, असे सांगणाऱ्याने हा आकडा एकदा पाहावा. ‘फुलांसाठी खास’ म्हणून विकले जाणारे जांभळे ग्रो लाइट रात्रभर चालू ठेवणारे हौशी बागकाम करणारे तर पैसे देऊन स्वतःचे नुकसान विकत घेतात, कारण त्यातील लाल प्रकाश हाच नेमका फायटोक्रोमला हवा असलेला प्रकाश असतो.

दिव्याचा दोष आहे की नाही हे ओळखण्याची एक खूण रोपावरच मिळते. शेंडा बोटांनी उलगडून पाहिला, तर काही वेळा मध्यभागी वाटाण्याएवढी, घट्ट, हिरवी कळी सापडते आणि तिच्याभोवतीची पाने नेहमीसारखी कातरलेली नसून अरुंद, पट्टीसारखी असतात. कळी धरण्यापुरती रात्र मिळाली पण ती पोसण्यापुरती मिळाली नाही, असा याचा अर्थ. हिला बागायतदार ‘क्राउन बड’ म्हणतात. ती खुडून टाकावी. त्यानंतर संध्याकाळी सहापासून सकाळी सातपर्यंत कुंडीवर जाड काळे कापड घालावे किंवा मोठे पिंप उपडे ठेवावे. मध्येच उचलून पाहू नये, आणि रविवारी सुट्टी घेऊ नये. तीन ते चार आठवड्यांत शेंड्यांवर नव्या कळ्या दिसू लागतात आणि त्यांना रंग चढला की झाकणे थांबवता येते. मार्च-एप्रिलमध्ये हा खटाटोप करू नये. रात्रीचे तापमान १५ ते २० अंशांच्या आसपास असताना शेवंती उत्तम फुलते; उकाड्यात रात्र कितीही मोठी केली तरी कळ्या रेंगाळतात आणि फुले फिकी, विरळ येतात.

हाच दोष शेतातही दिसतो. सोयाबीनचे पीक कापणीला येऊन पिवळे पडले तरी खांबावरील दिव्याखालचे एक वर्तुळ हिरवेच राहते, आणि तेथील झाडांना शेंगाही कमी असतात. पॉइन्सेटिया आणि कलांचो या कुंडीतल्या झाडांनाही शेवंतीचाच न्याय लागू आहे आणि झाकण्याचा उपायही तोच. गुलाब आणि जास्वंद यांचे मात्र रात्रीच्या लांबीवाचून अडत नाही. ती फुलत नसतील तर खांबावरच्या दिव्याला बोल लावू नये. दिवसाचे ऊन, छाटणी, पिठ्या ढेकूण आणि, हो, खतसुद्धा तपासावे.