बाप, बाबा, वडील

बाप म्हणजे जन्म देणारा पुरुष, एवढं तर कोणताही शब्दकोश सांगतो, पण गंमत अशी की हा शब्द बापाच्या तोंडावर कोणीच वापरत नाही. नागपुरातला पोट्टा घरी "बाबा" म्हणतो, शाळेच्या फॉर्मवर "वडील" लिहितो आणि पानठेल्यावर दोस्ताला म्हणतो "माह्या बापाले नको सांगजो बे". तिन्ही ठिकाणी माणूस तोच, फक्त तो समोर आहे का, एवढाच फरक.

"वडील"चा मूळ अर्थ नुसता "मोठा", म्हणून तर वडील भाऊ, वडील बहीण, वडीलधारी मंडळी. शब्दच मानाचा, त्यामुळे "माझे वडील आले" असंच म्हणायचं, "माझा वडील आला" हे कानाला खटकतं. "बाप" मात्र प्राकृतातल्या "बप्प"पासून आला आणि एकवचनात सुखाने राहतो. "पिता" संस्कृत, फारसी पिदर आणि इंग्रजी फादर त्याच्याच भाऊबंदकीतले, जुने पंडित तो "पा" म्हणजे रक्षण करणे या धातूवरून लावतात. रोजच्या बोलण्यात पिता सापडत नाही, तो छापील भाषेतच राहतो. आणि त्याचंच अनेकवचन "पितर" म्हटलं की मेलेलीच माणसं, भाद्रपद वद्य पक्षात जेवायला येणारी.

विदर्भात बापाच्या मोठ्या भावाला "मोठे बाबा" आणि त्याच्या बायकोला "मोठी आई" म्हणायची पद्धत आहे, म्हणजे एकत्र घरात लेकराला दोन-तीन बाबा सहज असतात. घरात धाकटे काका ज्याला दादा किंवा भाऊ म्हणायचे त्याला त्याची पोरंही तेच म्हणायची, त्यामुळे कित्येक जुन्या माणसांनी सख्ख्या बापाला आयुष्यात कधी बाबा म्हटलेलंच नाही. हिंदीच्या शेजारामुळे "बाबूजी" पण ऐकू येतं, आता पप्पा आहेतच. आणि "बाप्पा" तर इकडे नुसता बोलण्याचा टेकू झालाय, "काय सांगू बाप्पा" हे बाईलाही म्हणतात, लहान पोरालाही.

घराबाहेर हा शब्द एकदम मोठा होतो. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्यांनी धम्मदीक्षा दिली ते बाबासाहेब, आणि त्यांची माणसं मायेने नुसतं "बाप" पण म्हणतात. नागपुरातल्या ताजबागचे सूफी संत ताजुद्दीन बाबा, वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापू, नागपुरातच सीताबर्डीच्या टेकडीवर गणपती बाप्पा. ज्ञानेश्वरांच्या अभंगांची नाममुद्रा "बापरखुमादेवीवरु", तिथे बाप विठ्ठलच. पण त्याच विठ्ठलाला वारकरी माउली म्हणतात आणि जनाबाईच्या अभंगात तो लेकुरवाळा होतो, अंगाखांद्यावर पोरं घेतलेला. मला तर बापपणाचं यापेक्षा चांगलं वर्णन मराठीत दुसरं दिसत नाही.

वाक्प्रचारांत मात्र बाप म्हणजे मालकी नाहीतर पुरावा. बापजाद्यांची इस्टेट, बापाचा माल, "बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर". मायबाप सरकार म्हणताना हात जोडलेले असतात.

सांभाळण्याचे शब्द वेगळे. बाळंतपण आईचं, अंगाई आईची, बापाकडे पोसणं आलं. "बापपण" हा शब्द आता कुठे रुळतोय, "पालक" मात्र शाळांनी घरोघर पोचवला, तरी पालकसभेला बर्‍याचदा आईच बसलेली असते. कायद्यात उलटं होतं, १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक आधी बाप आणि "त्याच्यानंतर" आई, १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या "नंतर"चा अर्थ बाप मेल्यावरच असा नाही, तो लक्ष घालत नसेल किंवा हजर नसेल तेव्हाही, असा लावला. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला लेकरासाठी १५ दिवसांची सुट्टी मिळते, आईला १८०. मधलं नाव बापाचं ही महाराष्ट्राची जुनी सवय, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर त्याच्या आधी आईचं नाव लागतं.

बाकी बाप बघायचाच असेल तर तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे विदर्भातल्या लेकरांच्या पोळ्याच्या संध्याकाळी बघावा. तान्हा म्हणजे दूध पिणारा, पण लाकडी बैल ओढायला चार-पाच वर्षांची पोरंही असतात. बैलाला चाकं, शिंगाला बेगड, आणि प्रत्येक दारात बोजारा मागायचा, म्हणजे पाच-दहा रुपये नाहीतर चॉकलेट. तिसर्‍या गल्लीत पोट्टं थकतं, मग ते एका खांद्यावर झोपलेलं, दुसर्‍या बगलेत बैल, आणि बोजार्‍याची चिल्लर बापाच्या शर्टाच्या खिशात खुळखुळत असते. सकाळी उठल्याबरोबर ती मोजून मागितली जाते.