जांघेतील जाळी आणि ‘शीर’: एका तक्रारीची पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या हमालाने “हर्नियाची जाळी बसवली” एवढे सांगितले की समोरच्याला पुढचे काही विचारावे लागत नाही. अशा रुग्णांकडून पुढे कधीकधी “जाळीनं शीर दाबली” अशी तक्रार ऐकू येते. मात्र या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात: एक रक्तवाहिन्यांचा आणि दुसरा चेतातंतूंचा.

वृषणाच्या रक्तपुरवठ्याला इजा होण्याचा प्रश्न जाळीपेक्षा जुना आहे. 1887 मध्ये इटलीत जाळीविना, पोटाच्या भिंतीच्या थरांची शिवण घालण्याची पद्धत मांडली गेली आणि पुढची अनेक दशके तिचेच प्रकार रूढ राहिले. त्या काळातही शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींचे वृषण सुजून कडक होई आणि काही महिन्यांत आक्रसून जाई. रक्तवाहिन्या ज्या छिद्रातून जातात त्याची कडी घट्ट शिवल्याने धमनी आवळली जाते, असे आधी मानले जाई. नंतर लक्षात आले की बहुतेक वेळा वृषणाभोवतीच्या बारीक शिरांच्या जाळ्यात रक्त गोठलेले असते आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे अंडकोशापर्यंत उतरलेली हर्नियाची पिशवी मुळापासून सोडवून काढण्याचा हट्ट. पिशवी मध्येच कापून तिचा खालचा भाग जागेवरच राहू द्यावा, हा त्यावरचा उपाय मला या विषयातील कोणत्याही नव्या जाळीपेक्षा मोलाचा वाटतो. पहिल्या शस्त्रक्रियेत हा धोका शंभरात एकापेक्षाही कमी असतो. हर्निया उलटल्यावर त्याच जागी पुन्हा चिरा दिला तर तो कित्येक पटींनी वाढतो.

खरा गुंता ‘शीर’ या शब्दाचा आहे. शाळेच्या पुस्तकात धमनी, शिरा आणि चेतातंतू वेगवेगळे असतात, पण बोलण्यात तिघांनाही शीरच म्हणतात. मान अवघडली तरी शीर दबते आणि सलाइन लावताना सापडत नाही तीही शीरच. जांघेत तर हा घोळ शरीररचनेतच आहे, कारण तेथील तीन चेतातंतूंपैकी एक रज्जूच्या (वृषणाच्या रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी यांच्या जुडग्याच्या) मागच्या बाजूने एका निळसर शिरेला लगटून जातो आणि शल्यविशारद त्या निळ्या रेघेवरूनच तो ओळखतात. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने जळजळ, बधिरपणा किंवा चमका राहिल्या तर संशय प्रामुख्याने चेतातंतूवर घ्यावा लागतो. सूज, वृषणाचा कडकपणा किंवा पाय जड होणे ही लक्षणे मात्र रक्तवाहिन्यांकडे बोट दाखवतात. हा फरक न विचारता केलेली डॉप्लर तपासणी (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणारी) बहुधा निर्दोष येते आणि रुग्णाला आपले दुखणे खोटे ठरवले गेल्यासारखे वाटते. हे थांबायलाच हवे.

पॉलिप्रॉपिलीनची जाळी 1950 च्या दशकाच्या अखेरीस आली, पण ताण न देता पुढून जाळी टाकण्याची पद्धत 1980 च्या दशकात रुळली. सुमारे 7 गुणिले 15 सेंटिमीटरच्या तुकड्याला चीर देऊन तीतून रज्जू बाहेर काढतात. जाळीभोवती व्रणऊती तयार होऊन ती आकसते, म्हणून ही चीर रज्जूला आवळील अशी रास्त शंका घेतली गेली. प्राण्यांवरील प्रयोगांत काही बदल दिसले; माणसांत डॉप्लरने मोजलेला वृषणाचा रक्तप्रवाह मात्र सुरुवातीच्या सुजेनंतर बहुतांशी पूर्ववत झालेला आढळला.

1990 च्या दशकात दुर्बिणीने शस्त्रक्रिया होऊ लागली आणि जाळी पोटाच्या भिंतीच्या आतल्या बाजूला, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या धमनी-शिरेच्या अगदी शेजारी गेली. तिचा आकारही किमान 10 गुणिले 15 सेंटिमीटर झाला. शुक्रवाहिनी आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या यांच्यामधला त्रिकोण, जिथे जाळी अडकवणारी एकही टाचणी मारायची नाही असा दंडक आहे, तो याच काळात प्रत्येक शिकाऊ शल्यविशारदाच्या तोंडी बसला. येथे मोठ्या शिरेला इजा झाली तर रक्तस्राव जिवावर बेतू शकतो.

या आतल्या जाळीचा एक परिणाम उशिरा कळतो. व्रणऊतीमुळे ती मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटते आणि पुढे प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी तेथील लसिकाग्रंथी काढणे किंवा पायाच्या धमनीची शस्त्रक्रिया करणे अवघड होते. डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘मेश रिपेअर’ लिहिले असेल, तर जाळी पुढून टाकली की आतून, हे वीस वर्षांनी चिरा देणाऱ्याला त्यावरून कळत नाही.